फुसके बार आणि प्रायमरची निवड

क्लबच्या नेमबाजी स्पर्धेत माझ्या .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरने सहापैकी दोनदा नुसतं 'टक्' केलं, बार उडालाच नाही. काडतुसं मी घरीच भरलेली, त्यामुळे बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. त्या दोन 'टक्'चं कारण शोधायला मला तीन महिने लागले. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पण आधी एक कोरडी गोष्ट. मी ओहायोत राहतो आणि ग्रीन कार्ड हातात आल्यावरच हा नाद लावून घेतला. एच-वन-बीवर असाल तर हंटिंग लायसन्ससारखा एखादा कायदेशीर अपवाद लागू असल्याशिवाय बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय घरी काडतुसं बनवणं हा गुन्हाच. पुण्याला जायच्या आधी मी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकतो. एक विसरलेली केस, म्हणजे काडतुसाची पितळी नळकांडी, विमानतळावर सुट्टीची वाट लावू शकते.

आता प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ती छोटी टोपी, जी घाव बसला की पेटते आणि पावडर पेटवते. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नमला स्मॉल पिस्टल, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्टला लार्ज पिस्टल, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. .४५ एसीपी चालवणाऱ्या रिव्हॉल्व्हरवाल्यांनी मात्र केसेस नीट निवडून घ्याव्यात, कारण .४५ एसीपीत दोन्ही मापांच्या प्रायमरच्या केसेस मिळतात. स्मॉल रायफल प्रायमर स्मॉल पिस्टलच्या जागी चपखल बसतो, पण त्याचा कप, म्हणजे टोपीचा पत्रा, जाड असतो. रिव्हॉल्व्हरच्या हॅमरला, म्हणजे घाव घालणाऱ्या घोड्याला, तो सहसा दाद देत नाही. लार्ज रायफल प्रायमर तर उंचीलाच जास्त, तो बाहेर डोकावतो. त्या वाटेला जाऊच नका.

मॅग्नम, म्हणजे जास्त जोराने पेटणाऱ्या, प्रायमरबद्दलही नवखे हमखास फसतात. काडतुसाच्या नावात मॅग्नम आहे म्हणून प्रायमर मॅग्नम लागत नाही. ते ठरतं पावडरवरून. एच-११० सारखी सावकाश पेटणारी बॉल पावडर मॅग्नम प्रायमर मागते, बऱ्याच पावडरींना साधा पुरतो. छापील लोडिंग मॅन्युअलमध्ये जो प्रायमर दिलाय तोच वापरा. बदलायचाच असेल तर लोड, म्हणजे पावडरचं माप, पुन्हा खालून सुरू करा. तीन मिनिटांच्या व्हिडिओत पावडरचं माप सांगणारे गुरू मला मुळीच आवडत नाहीत. त्यांच्या बंदुकीची नळी वेगळी आणि तुमची बोटं तुमचीच.

आता माझी चूक. माझी रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनची, के-फ्रेमची. तिच्या मुठीत एक चपटी पट्टी-स्प्रिंग असते आणि मुठीच्या पुढच्या बाजूला, तळाशी, एक बारीकसा स्ट्रेन स्क्रू त्या पट्टीला दाबून धरतो. तो थोडा सैल केला की चाप लोण्यासारखा होतो, पण हॅमरचा घावही हलका होतो. मी केला. तेव्हा मी फेडरलचे १०० नंबरचे प्रायमर वापरत होतो. रिव्हॉल्व्हरवाल्यांमध्ये ते सगळ्यांत संवेदनशील मानले जातात. त्यांचा डबासुद्धा इतरांपेक्षा ऐसपैस असतो. सगळं छान चाललं होतं. मग २०२१ ची टंचाई आली. हजाराला तीस-पस्तीस डॉलरला मिळणारे प्रायमर शंभराच्या वर गेले, आणि जे मिळाले ते घेतले: सीसीआय ५००. उत्तम माल, पण कप कडक. सैल स्क्रू मी साफ विसरून गेलो होतो.

विसरलो तरी चाचणी केली होती ना? केली होती. बेंचवर बसून, हॅमर अंगठ्याने मागे ओढून, पन्नासच्या पन्नास. सगळे उडाले. आणि इथेच खरी मेख आहे. अंगठ्याने ओढलेला हॅमर पूर्ण मागे जातो. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून बार काढताना, चापाने ओढलेला हॅमर तिथपर्यंत पोचण्याआधीच सुटतो. पल्ला कमी, म्हणून घाव हलका. मी चाचणी घेतली जोरकस घावाची आणि स्पर्धेत वापरला हलका घाव. म्हणून सांगतो, प्रायमर बदलला की किमान दोन सिलिंडर, म्हणजे सहा काडतुसांची फिरती चकती दोनदा भरून, डबल अ‍ॅक्शननेच उडवून बघा. स्क्रूला हात लावला, तरी. स्प्रिंग बदलली, तरी.

त्यातही अर्धं सत्यच होतं. क्लबात एक निवृत्त मशिनिस्ट आहेत, बोलतात कमी. त्यांनी माझी उरलेली काडतुसं काउंटरच्या काचेवर बूड टेकवून उभी केली. तीन डुगडुगली. प्रायमर पूर्ण आत गेलेच नव्हते! केसच्या बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच हजारांश इंच आत हवेत. वर राहिलेला प्रायमर म्हणजे पोकळ जागेवर ठेवलेली दिवाळीची टिकली. पहिला घाव तिला खाली बसवण्यातच खर्च होतो. दुसऱ्या घावाला उडतो, म्हणून 'प्रायमरच खराब' असं वाटतं. कधी तो मागे घासून सिलिंडर फिरूच देत नाही. आता मी प्रत्येक केस हातातल्या टूलने प्रायम करतो आणि तर्जनी फिरवून बघतो. पहिल्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे एका दांड्याच्या ओढीत सगळे टप्पे करणारं यंत्र, घेऊ नका, हे माझं मत. भांडायला या.

भरून झालेल्या काडतुसात वर राहिलेला प्रायमर दाबून खाली बसवू नका. कधीही नाही. बुलेट काढा, पावडर काढा, मग काय ते करा. आणि 'टक्' झाल्यावर लगेच पुढचा चाप ओढू नका. मी ओढला होता. रेंज ऑफिसर ओरडले ते बरोबरच. उशिराने पेटणारं काडतूस तोवर नळीसमोरून सरकलेलं असतं. नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद थांबा. स्पर्धा गेली तर गेली. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबा आणि बंदूक रिकामी करून नळी तपासा. पावडर नसली तरी प्रायमर एकटा बुलेटला नळीत नेऊन अडकवतो.

प्रायमर मूळ डब्यातच ठेवा, लोणच्याच्या बरणीत ओतून नव्हे. एक पेटला तर सगळे पेटतात. चष्मा लावा. काम झालं की हात धुवा, प्रायमरमध्ये शिसं असतं.

घाबरू नका मात्र. शंभर केसेस सावकाश भरायला पहिल्यांदा मला अख्खा रविवार लागला होता, आता जेवणाआधी उरकतं. स्ट्रेन स्क्रू मी पूर्ण आवळलाय. चाप जड झालाय, पहिले काही आठवडे बोट दुखलं. प्रत्येक डब्यावर पेन्सिलीने तारीख, पावडर, प्रायमर आणि पुढे 'डबल: १२/१२' असं लिहितो. काल एका डब्यावर '११/१२' लिहावं लागलं. तो डबा वेगळा ठेवलाय, शनिवारी काचेवर उभा करून बघणार आहे.