रेट्रो फॉन्टची माती करणाऱ्या चुका टाळा

गुबगुबीत किंवा वळणदार शेपट्यांनी नटलेला रेट्रो डिस्प्ले फॉन्ट (मोठ्या मथळ्यांसाठी बनवलेला फॉन्ट) हाती आला की नवशिक्यांचा हात आधी इफेक्टच्या मेनूकडे जातो. काम तिथेच बिघडायला लागतं. सगळी सजावट या अक्षरांच्या अंगातच असते. त्यांना हवेत मोजके तीन-चार शब्द, मोठा आकार आणि भोवती मोकळी जागा.

ऑस्वाल्ड कूपरच्या कूपर ब्लॅकच्या कडा मुद्दाम गोलसर ठेवलेल्या आहेत, तर मॉरिस फुलर बेंटनच्या १९२७ सालच्या ब्रॉडवेत जाड आणि बारीक रेघांमधला फरक टोकाचा आहे. यांत १० पॉइंटला परिच्छेद लावलात तर पहिल्यात अक्षरांच्या पोकळ्या बुजतात आणि दुसऱ्यात बारीक रेघा उडून जातात. मजकुरासाठी साधा, शांत फॉन्टच घ्या.

सगळ्यात जास्त नासधूस होते ती थरांच्या फॉन्टमध्ये. भराव, आतली रेघ आणि सावली अशा तीन वेगळ्या फाइली एकमेकींवर ठेवून मथळा बनवायचा असतो. नेहमी घडतं ते असं: अकरा अक्षरांचा शब्द, पहिलं अक्षर चपखल बसलेलं, मधली किंचित हललेली आणि शेवटच्या अक्षराची सावली स्पष्ट बाजूला पडलेली. मग माणूस एकेक अक्षर हाताने सरकवत बसतो, तासभर घालवतो, तरी जुळत नाही. दोष फॉन्टचा नसतो. कर्निंग, म्हणजे शेजारच्या दोन अक्षरांमधलं अंतर ठरवणारी सेटिंग, ‘ऑप्टिकल’वर असतं. ते अक्षराचा आकार बघून अंतर ठरवतं आणि सावलीचा आकार भरावापेक्षा वेगळा असतो, म्हणून प्रत्येक थराला वेगळं अंतर मिळतं. कर्निंग ‘मेट्रिक्स’वर (काही सॉफ्टवेअरमध्ये याला ‘ऑटो’ म्हणतात) आणा, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्याने दिलेली अंतरं सगळ्या थरांना सारखी लागतील.

त्याहून बरी सवय म्हणजे आधी एकच थर पूर्ण लावायचा. ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं सरसकट अंतर), पर्यायी अक्षरं (त्याच अक्षराची वेगळी रूपं), ओळींमधलं अंतर, सगळं पक्कं झालं की त्याची प्रत जागच्या जागी पेस्ट करायची आणि फक्त स्टाइल (भरावाऐवजी रेघ किंवा सावली) बदलायची. प्रत काढल्यावर भरावातल्या ‘आर’ला लांब शेपटी लावलीत तर सावलीत साधा ‘आर’च राहतो. घाईत हे हटकून सुटतं.

छपाईत याच थरांचा आणखी एक त्रास असतो. रंगांची जुळणी केसभर हलली तरी भराव आणि सावली यांच्यामध्ये कागदाची पांढरी फट दिसते. फिकट भरावाला त्याच रंगाची ०.५ पॉइंटची स्ट्रोक (कडेवरची रेघ) द्या आणि ती ओव्हरप्रिंट करा, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापा. पाव पॉइंट रंग गडद सावलीवर चढतो आणि फट झाकली जाते.

दुसरी आवडती चूक आतल्या बारीक रेघेची. पडद्यावर चारशे टक्के झूम करून सगळं सुरेख दिसतं, छापून आलं की रेघ गायब. याचं गणित सोपं आहे. एक अक्षर १००० पॉइंटला टाइप करा, आउटलाइन करा (अक्षराचं चित्राच्या आकारात रूपांतर करा) आणि रेघेची जाडी मोजा. समजा ती १२ पॉइंट भरली, तर २० पॉइंटच्या मथळ्यात ती ०.२४ पॉइंट राहणार. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघेला निदान ०.५ पॉइंट हवेत, नाहीतर शाई पसरून ती बुजते. म्हणजे हा फॉन्ट ४२ पॉइंटच्या खाली वापरायचाच नाही. हा हिशेब काम सुरू करण्याआधी करा, प्रूफ (छपाईचा नमुना) हातात आल्यावर नाही.

शेपट्यांच्या कॅपिटल अक्षरांत अख्खा शब्द लिहू नका. शेपटी एकदा, फार तर दोनदा, शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी.

जाड फॉन्टवर वरून ‘बोल्ड’ दाबू नका. सॉफ्टवेअर नुसती कडा फुगवतं आणि पोकळ्या बंद होतात.

जोडलेल्या लिपीच्या फॉन्टला ट्रॅकिंग शून्यच ठेवा. देवनागरीतही तेच. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रुंदी हवी असेल तर रुंद फॉन्ट शोधा.

झिजलेल्या छपाईचा भास देणाऱ्या फॉन्टमध्ये शेजारी-शेजारी दोन ‘ओ’ आले आणि दोघांवर एकाच जागी डाग दिसला की सोंग उघडं पडतं. ओपनटाइपच्या पॅनेलमधले ‘कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्स’ (शेजारचं अक्षर बघून आपोआप वेगळं रूप लावणारी सोय) चालू करा. फॉन्टमध्ये ती सोय नसेल तर एका अक्षराची आउटलाइन करून डाग हाताने बदला.

१९२० च्या दशकाची भौमितिक अक्षरं आणि १९७० च्या दशकाची फुगीर अक्षरं एकाच मथळ्यात घालू नका. काळ एकच निवडा.

‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ म्हणजे गिऱ्हाइकाच्या लोगोसाठी मोफत नव्हे. डेस्कटॉप, वेब आणि अ‍ॅप यांचे परवाने बहुधा वेगळे असतात, तेव्हा डाउनलोडसोबतची मजकूर-फाइल उघडून वाचा.

छपाईला देताना आउटलाइन केलेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि टाइप केलेली मूळ फाइल जपून ठेवा. शुद्धलेखनाची दुरुस्ती बहुतेक वेळा त्यानंतरच येते.