स्विचमधून बाहेर पडताना: ब्रेक, कंटिन्यू आणि माझे चुकलेले नऊ दिवस

सलग नऊ दिवस लॉग फाइलमधल्या (प्रणालीच्या नोंदींच्या फाइलमधल्या) एरर आणि वॉर्निंग मोजणारी माझी स्क्रिप्ट, जी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या भाषेत लिहिली होती, ‘एरर ०, वॉर्निंग १’ असा अहवाल देत होती आणि मी तो विश्वासाने पुढे पाठवत होते. लॉग फाइलमध्ये रोज चार हजारांच्या आसपास ओळी असत. दहाव्या दिवशी एका सहकाऱ्याने ती फाइल सहज उघडून पाहिली, तेव्हा तिच्यात डझनावारी एरर सापडल्या. स्क्रिप्ट कुठेही अडखळली नव्हती आणि लाल अक्षरांतला एकही संदेश आला नव्हता. ती रोज सातव्या ओळीवर वाचन थांबवत होती, कारण स्विच या रचनेत, जी मिळालेली किंमत एकेका अटीशी ताडून पाहते, एरर आणि वॉर्निंग या दोन्ही केसच्या (म्हणजे अट आणि तिचा कोड यांच्या) शेवटी मी ब्रेक हा बाहेर पडण्याचा आदेश लिहिला होता. हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते, म्हणून हा एकच मुद्दा येथे सविस्तर मांडत आहे.

प्रोग्रॅमिंगची सुरुवात सी, जावा किंवा जावास्क्रिप्टपासून केलेल्यांच्या हाताला एक सवय लागलेली असते. केस संपली की ब्रेक लिहायचा, नाही तर खालच्या केसचा कोडही चालतो. पॉवरशेलमध्ये या सवयीचा पायाच वेगळा आहे. तेथे स्विचला एक किंमत देता येते, तसा अख्खा अॅरेही (किमतींची यादी) देता येतो, आणि फाइल हे पॅरामीटर वापरले तर स्विच ती फाइल ओळीओळीने स्वतःच वाचतो. म्हणजे तुम्ही फॉर किंवा फॉरईच लिहिले नसले, तरी तुमचा कोड एका लूपमध्येच, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या फेऱ्यांमध्येच, चालू असतो. अशा ठिकाणी ब्रेकचा अर्थ ‘ही केस संपली’ एवढाच राहत नाही. संपूर्ण स्विच तेथेच संपतो आणि उरलेल्या ओळींकडे कोणी पाहतही नाही. या ओळीचे काम झाले, आता पुढची ओळ घ्या, असे सांगायचे असेल तर कंटिन्यू लिहावे लागते.

माझ्या फाइलच्या पहिल्या सहा ओळी केवळ माहितीच्या होत्या. त्या एरर किंवा वॉर्निंग यांपैकी कोणत्याही अटीत न बसल्यामुळे डीफॉल्टमध्ये (कोणतीच अट न जुळल्यास चालणाऱ्या भागात) जात, आणि डीफॉल्टमध्ये मी ब्रेक लिहिला नव्हता. सातवी ओळ रोज तीच ठरलेली वॉर्निंग असे. तिचा काउंटर एकाने वाढे, कोडच्या पुढच्याच ओळीवर ब्रेक येई आणि वाचन संपे. चाचणी मी केली होती, पण एकेक ओळ स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून देऊन. आणि खरी फसगत तेथेच आहे, कारण स्विचला एकच किंमत दिली असेल तर ब्रेक आणि कंटिन्यू यांचा परिणाम अगदी सारखा दिसतो. दुसरी किंमत आल्याशिवाय त्यांच्यातला फरक उघड होत नाही.

चूक लक्षात आल्यावर मी घाईने सगळे ब्रेक काढून टाकले आणि दुसऱ्या चुकीत सापडले. पॉवरशेलमध्ये सीसारखा कोड आपोआप खालच्या केसमध्ये घसरत नाही, मात्र एक अट जुळल्यानंतरही पुढच्या अटी तपासल्या जातातच. ‘वॉर्निंग: एरर फाइल भरत आली’ अशी ओळ रेगेक्सने (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या पद्धतीने) तपासली की ती दोन्ही अटींत बसते आणि दोन्ही काउंटर वाढतात. एका ओळीची नोंद दोन्हीकडे व्हावी अशी तुमची इच्छा असेल तर काहीच लिहू नका, ते पूर्णपणे योग्य आहे. एकाच ठिकाणी व्हावी असे वाटत असेल तर कंटिन्यू लिहा आणि अटींचा क्रम विचारपूर्वक लावा. ब्रेक तेव्हाच लिहा, जेव्हा हवे ते सापडल्यावर पुढचे काही वाचायचेच नसते. उदाहरणार्थ, फाइलमधली पहिली एरर शोधताना.

‘प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक टाका, विचार करू नका’ असा सल्ला मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दिला होता. ते वापरत त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तो बरोबर होता आणि त्यांचा हेतूही चांगला होता. तरीही माझे ठाम मत असे की ‘विचार करू नका’ या शब्दांनी संपणारा सल्ला नवख्याने स्वीकारू नये. चांगला मार्गदर्शक ‘तुला नक्की कशातून बाहेर पडायचे आहे?’ असे विचारतो आणि उत्तरासाठी थांबतो. तयार कोड आणून चिकटवण्याबद्दलही माझे हेच म्हणणे आहे: त्यातला बाहेर पडण्याचा शब्द कोणत्या भाषेच्या सवयीतून आला आहे, हे तपासल्याखेरीज तो वापरू नका.

स्विच फॉरईचच्या आत असेल तर आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आतला कंटिन्यू स्विचपुरताच लागू होतो, बाहेरच्या लूपची पुढची फेरी त्याने सुरू होत नाही. त्यासाठी बाहेरच्या लूपला लेबल (ओळखीचे नाव) द्यावे आणि कंटिन्यूपुढे त्या लेबलचे नाव लिहावे. रिटर्न संपूर्ण फंक्शनमधून बाहेर नेतो, त्यामुळे स्विचनंतर बेरीज छापायची असेल तर ती ओळ चालतच नाही. एक्झिट तर स्क्रिप्टच संपवतो. केसमध्ये तो शक्यतो नकोच.

इतर भाषांमध्ये हेच शब्द वेगळे वागतात, हे ठाऊक असले की गोंधळ बराच कमी होतो. जावास्क्रिप्टमध्ये स्विचमधला कंटिन्यू थेट बाहेरच्या लूपला लागू होतो. पीएचपीमध्ये तो ब्रेकसारखाच वागतो, बाहेरच्या लूपसाठी ‘कंटिन्यू २’ असे लिहावे लागते, आणि २०१८ मधल्या ७.३ या आवृत्तीपासून पीएचपी याबद्दल इशाराही देते. बॅशमध्ये केस दोन अर्धविरामांनी संपते. तेथे ब्रेक लिहिला तर बाहेरचा लूपच तुटतो.

अशी चूक झाली म्हणून हे क्षेत्र आपले नाही, असे मात्र मनात आणू नका. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटीअँडटीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले होते, आणि त्याचे मूळ सी भाषेतल्या स्विचमध्ये चुकीच्या जागी लिहिलेल्या एका ब्रेकमध्ये होते. तो कोड अनुभवी माणसांच्या हाताखालून गेलेला होता.

आता मी कोणताही स्विच पाच ओळींच्या एका छोट्या फाइलवर चालवून पाहते. पहिली ओळ कोणत्याच अटीत न बसणारी, दुसरी वॉर्निंग, तिसरी दोन्ही अटींत बसणारी, चौथी पुन्हा न बसणारी आणि पाचवी एरर. अपेक्षित आकडे आधी कागदावर लिहिते आणि मगच स्क्रिप्ट चालवते. पाचव्या ओळीची एरर मोजली गेली नाही, तर वर कुठेतरी ब्रेक राहून गेलेला असतो.