एलिट डेंजरस : यानाच्या अपग्रेडवर क्रेडिट वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या ब्रिटिश कंपनीचा ‘एलिट डेंजरस’ हा अंतराळयान चालवण्याचा संगणकीय खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. तेव्हापासून प्रत्येक नवा खेळाडू साइडवाइंडर हे छोटे यान आणि जेमतेम क्रेडिट, म्हणजे खेळातील चलन, घेऊनच सुरुवात करतो. पुढे क्रेडिट कमावण्याचे मार्ग हळूहळू कळू लागतात, पण ते कुठे जातात हे मात्र बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येते. या खेळात एखादे मॉड्यूल, म्हणजे यानावर बसवायचा भाग, सुटे विकले तर त्याची खरेदीची किंमत पूर्ण परत मिळते, त्यामुळे चुकीचे मॉड्यूल घेतल्याने पैसा बुडतो असे नाही. तो अडकून पडतो. खरी गळती होते ती यान नष्ट झाल्यावर भराव्या लागणाऱ्या रीबायमध्ये, जुने यान सामानासकट विकून टाकण्यात आणि यान किंवा मॉड्यूल एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर मागवण्याच्या शुल्कात. म्हणून अपग्रेडवर बचत करायची असेल, तर स्वस्त मॉड्यूल शोधण्याआधी या तीन जागा ओळखणे गरजेचे आहे.

रीबाय बाजूला न ठेवता यान घेणे

यान नष्ट झाले की ते जसेच्या तसे परत मिळवण्यासाठी त्याच्या एकूण किमतीच्या ५ टक्के रक्कम भरावी लागते आणि या एकूण किमतीत यानावर बसवलेली सर्व मॉड्यूल धरली जातात. पायथन हे यान दुकानातून घेताना ५,६९,७८,१७९ क्रेडिट पडतात, म्हणजे त्यावर एकही नवे मॉड्यूल चढवले नाही तरी त्याचा रीबाय सुमारे २८ लाख ४९ हजार होतो. खात्यात ५ कोटी ७५ लाख जमले म्हणून त्याच दिवशी पायथन घेणारा खेळाडू पहिल्याच अपघातात यान गमावू शकतो. शिवाय रीबायमध्ये मालाचा समावेश नसतो. यानात भरलेला माल आणि न विकलेली शोधमोहिमेची माहिती यानाबरोबरच जाते, त्यामुळे मालवाहू यान चालवणाऱ्याने रीबायच्या जोडीला एका खेपेच्या मालाची किंमतही हाताशी ठेवली पाहिजे.

माझ्या मते किमान तीन रीबाय भरता येतील एवढी शिल्लक उरणार नसेल, तर त्या दिवशी नवे यानही घेऊ नये आणि महागडे अपग्रेडही करू नये. आणखी एक हिशेब फारसा कोणी करत नाही. बसवलेले प्रत्येक मॉड्यूल ते यानावर असेपर्यंत यानाचा रीबाय वाढवते. एखाद्या यानावर एकूण ४० कोटी क्रेडिट लागले असतील, तर ते प्रत्येक वेळी नष्ट झाल्यावर २ कोटी मोजावे लागतात आणि त्या २ कोटींमध्ये उपयोग नसलेल्या मॉड्यूलचा वाटाही असतोच.

सगळेच ‘ए’ दर्जाचे बसवणे

सर्वांत जास्त क्रेडिट याच चुकीत अडकतात, म्हणून ती सविस्तर पाहू. प्रत्येक मॉड्यूलला आकाराचा अंक आणि दर्जाचे अक्षर असते. ‘ई’ सर्वांत स्वस्त असते, ‘डी’ वजनाला सर्वांत हलके, ‘बी’ जड पण मार सोसणारे आणि ‘ए’ कामगिरीत सर्वांत वरचे. नवा खेळाडू या अक्षरांकडे परीक्षेतील श्रेणीसारखे पाहतो आणि पैसे येतील तसतशी सगळी मॉड्यूल ‘ए’कडे नेतो. प्रत्यक्षात ‘डी’ ही ‘ई’नंतरची केवळ एक पायरी नसून तिची स्वतंत्र उपयुक्तता आहे, कारण यान जितके हलके तितकी एका उडीत जास्त अंतर कापण्याची त्याची क्षमता, म्हणजेच जंप रेंज, वाढते.

अॅनाकोंडाचे उदाहरण घ्या. या यानाचे सेन्सर आठव्या आकाराचे असतात. ८डी सेन्सरची किंमत १७,४३,९६१ क्रेडिट आणि वजन ६४ टन आहे, तर ८ए सेन्सरची किंमत २,७२,४९,३९१ क्रेडिट आणि वजन १६० टन आहे. अडीच कोटींहून अधिक जादा क्रेडिट मोजून ९६ टनांचे ओझे विकत घ्यायचे, वर वीजही जास्त खर्च करायची आणि बदल्यात लक्ष्य काहीसे अधिक लांबून टिपता यायचे, हा सौदा शोधयात्री, व्यापारी किंवा खाणकाम करणारा यांपैकी कोणालाही परवडण्यासारखा नाही. लढाऊ यानावर लांबून नेम धरायचा असेल तर वेगळा विचार करता येईल, पण तेथेही हे अपग्रेड शेवटी यावे.

लाइफ सपोर्टचेही तसेच आहे. कॉकपिटची काच फुटल्यावर किती वेळ प्राणवायू मिळेल, एवढेच हे मॉड्यूल ठरवते. ‘ई’ दर्जात ५ मिनिटे, ‘डी’ दर्जात साडेसात मिनिटे आणि ‘ए’ दर्जात २५ मिनिटे मिळतात. वस्ती असलेल्या भागात फिरणाऱ्याला साडेसात मिनिटांत बहुधा कोणते ना कोणते स्थानक गाठता येते. लढाई करणाऱ्याचा अपवाद सोडला, तर येथे ‘डी’च्या पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

याउलट फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह, म्हणजे यानाला एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारू देणारे एफएसडी, हे असे मॉड्यूल आहे ज्यावर पहिला मोठा खर्च निःसंकोच करावा. पाचव्या आकाराचे ‘डी’ दर्जाचे एफएसडी सुमारे १ लाख ८९ हजारांना मिळते आणि त्याचे वजन ८ टन असते, ‘बी’ दर्जाचे सुमारे १७ लाखांना मिळते पण ते ३२ टनांचे असते, तर ‘ए’ दर्जाचे ५१,०३,९५३ क्रेडिटला मिळते आणि २० टनांचे असते. ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ अशा प्रत्येक पायरीला किंमत साधारण तिप्पट होते. तरीही ‘ए’ दर्जाचे एफएसडी जास्त वजनाचे यान एका उडीत लांब नेते, म्हणून येथे तिप्पट किंमत सार्थकी लागते. मे २०२४ मध्ये सुपरक्रूझ ओव्हरचार्जची, म्हणजे एकाच ताऱ्याच्या परिसरातील प्रवास जास्त वेगाने करण्याची सोय असलेली एफएसडी खेळात आली. आता नवे एफएसडी घ्यायचेच असेल, तर आधी तो पर्याय पाहावा आणि जुन्या धाटणीच्या एफएसडीवर नव्याने पैसे घालू नयेत. मात्र जुन्या यानांवर ओव्हरचार्ज वापरताना इंधन भराभर संपते आणि यान तापते, हे लक्षात ठेवावे.

‘ए’ आणि त्याच्या खालचा दर्जा यांच्यातील दरी फ्युएल स्कूपमध्ये सर्वांत ठळक दिसते. ६ए स्कूपची किंमत २,८७,६३,६१० क्रेडिट आहे आणि ६बी स्कूपची ७१,९०,९०३. चौपट पैसे मोजून ताऱ्याजवळ इंधन भरण्याचा वेग जो वाढतो, तो पाहता ६बी त्या बाबतीत ६एपेक्षा फक्त सुमारे १४ टक्के मागे आहे. दर उडीला काही सेकंद जास्त थांबायची तयारी असेल, तर २ कोटी १५ लाख क्रेडिट मोकळे राहतात आणि रीबायही जवळजवळ पावणेअकरा लाखांनी कमी होतो. आकाशगंगेच्या केंद्राकडे शेकडो उड्या मारत जाणाऱ्यासाठी ६ए योग्य आहे. इतरांनी ६बी घ्यावे, असे मी ठामपणे सुचवेन.

चिलखत पाहताच भुलणे

स्थानकावरील आउटफिटिंगमध्ये, म्हणजे मॉड्यूल बसवण्याच्या विभागात, यानाच्या कवचाचे पर्याय दिसतात आणि नावातच ‘मिलिटरी’ असलेला पर्याय मोह घालतो. त्याची किंमत यानाच्या किमतीच्या ९० टक्के असते. १४,६९,६९,४५१ क्रेडिटच्या अॅनाकोंडासाठी मिलिटरी कवच १३ कोटी २२ लाखांहून अधिक किमतीला पडते आणि यानाचे वजन ६० टनांनी वाढवते. माल वाहणाऱ्या किंवा ग्रह शोधणाऱ्या यानावर हे कवच चढवणे म्हणजे उपयोग नसताना जवळजवळ दुसरे यान विकत घेण्यासारखे आहे, कारण अशा यानाने हल्ला होताच शिल्डच्या आधारावर निसटून जायचे असते, मार खात थांबायचे नसते. प्रत्यक्ष लढणाऱ्यांनीच या रकान्याकडे पाहावे.

जुने यान सामानासकट विकणे

मॉड्यूल सुटे विकले तर पूर्ण किंमत मिळते. तेच मॉड्यूल यानावर ठेवून यान विकले, तर यानाबरोबर त्याच्याही किमतीतून १० टक्के कापले जातात. समजा, तुम्ही ६६,६१,१५३ क्रेडिटला एस्प एक्सप्लोरर घेतले, त्यावर ५१ लाखांचे ५ए एफएसडी बसवले आणि काही महिन्यांनी पायथन घेण्यासाठी ते तसेच विकले. एफएसडीचे सुमारे ५ लाख १० हजार विनाकारण गेले, आणि पायथनवर त्याच आकाराचे एफएसडी लागत असल्यामुळे ते पुन्हा विकत घ्यावे लागले. एफएसडी आधी काढून साठवणीत ठेवले असते, तर ते पायथनवर फुकट बसले असते.

नवे यान निवडतानाच त्याच्या मुख्य मॉड्यूलचे आकार जुन्या यानाशी ताडून पाहण्याची सवय लावून घ्यावी. पायथन आणि क्रेट मार्क २ या दोन्ही यानांत पॉवर प्लांट सातव्या, थ्रस्टर सहाव्या, एफएसडी पाचव्या, लाइफ सपोर्ट चौथ्या, पॉवर डिस्ट्रिब्युटर सातव्या आणि सेन्सर सहाव्या आकाराचे लागतात. म्हणजे एकावर केलेला जवळजवळ सगळा मुख्य खर्च दुसऱ्यावर तसाच वापरता येतो, आणि दोन यानांसाठी दोन वेळा खर्च करण्याऐवजी एकच संच आलटून पालटून बसवता येतो. लाइफ सपोर्ट आणि सेन्सर सोडले, तर मोठ्या जागेत छोट्या आकाराचे मॉड्यूलही बसते, याचा फायदा घेणे मात्र अनेकांना सुचत नाही.

खरे तर जुने यान विकण्याची घाई करण्याचे फारसे कारण नसते, कारण स्थानकावर यान ठेवण्याचे भाडे लागत नाही. खर्च येतो तो ते दूरच्या स्थानकावरून मागवताना. हे शुल्क अंतरावर आणि यानाच्या किमतीवर अवलंबून असते, म्हणून महागडे यान मागवण्याऐवजी जवळच्या स्वस्त यानाने त्याच्यापर्यंत जाणे पुष्कळदा परवडते. मॉड्यूल मागवतानाही आधी शुल्क पाहावे. ‘डी’ दर्जाचे साधे मॉड्यूल लांबून मागवण्यापेक्षा जागेवर नवे घेणे कधी कधी स्वस्त पडते.

इंजिनिअरकडे उशिरा जाणे

इंजिनिअरकडे मॉड्यूल सुधारून घेण्यासाठी क्रेडिट लागत नाहीत, लागते ते खेळताना गोळा केलेले साहित्य. म्हणून पैशांची चणचण असलेल्या खेळाडूसाठी हीच सर्वांत मोठी सवलत आहे. डेसियाट येथील फेलिसिटी फारसियर एफएसडी पाचव्या श्रेणीपर्यंत सुधारून देते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी शोधकार्यातील स्काउट ही पदवी आणि मेटा-अॅलॉय या दुर्मिळ पदार्थाचा एक नग लागतो. सुधारलेले एफएसडी पुढच्या यानावर नेता येते, मात्र ते विकले तर किंमत परत मिळते आणि त्यावर खर्च झालेले साहित्य वाया जाते. त्यामुळे ज्या आकाराचे मॉड्यूल पुढच्या यानातही चालणार आहे, त्यावरच आधी साहित्य खर्चावे. गार्डियन या प्राचीन परग्रहवासी जातीच्या तंत्रज्ञानावर आधारलेला गार्डियन एफएसडी बूस्टरही याच विचाराने मिळवावा. पाचव्या आकाराचा बूस्टर जंप रेंजमध्ये १०.५ प्रकाशवर्षांची भर घालतो, आणि तो खुला करण्यासाठी लागणारे बहुतेक श्रम गार्डियन अवशेषांमधून साहित्य गोळा करण्याचे असतात.

खरेदीची जागा

व्यापार, लढाई किंवा शोध यांपैकी एका क्षेत्रात ‘एलिट’ पदवी मिळाली की शिनरार्टा डेझ्रा या तारामंडळाचा परवाना मिळतो. तेथील जेमसन मेमोरियल स्थानकावर जवळजवळ सर्व मॉड्यूल १० टक्के सवलतीत मिळतात. पदवी अगदी टप्प्यात आली असेल, तर कोटींची खरेदी तोपर्यंत थांबवावी. ती अजून खूप दूर असेल, तर मात्र सवलतीच्या आशेने कमजोर यानावर महिनोन्‌महिने काढू नयेत. इतर खेळाडूंनी इनारा या संकेतस्थळावर हवे ते मॉड्यूल कोणत्या स्थानकावर आहे याची नोंद दिलेली असते, ती वापरावी.

अपग्रेडनंतर काहीतरी बिघडल्यास

शस्त्रे बाहेर काढताच काही मॉड्यूल बंद पडत असतील, तर बहुतेक जण लगेच मोठा पॉवर प्लांट घेतात. त्याआधी उजवीकडच्या पॅनेलमधील मॉड्यूलच्या यादीत प्राधान्यक्रम पाहावा. मालाचे दार, फ्युएल स्कूप आणि एफएसडी यांना पाचवा क्रम दिला, तर शस्त्रे उघडताच तीच बंद होतात आणि लढाईला लागणारी वीज शिल्ड व शस्त्रांना मिळते. शस्त्रे आत घेतली की ती पुन्हा सुरू होतात. एवढ्याने भागले, तर पॉवर प्लांटवरचा काही कोटींचा खर्च वाचतो. भागले नाही, तरी नेमकी किती वीज कमी पडते हे कळते आणि त्यानुसार निवड करता येते.

जंप रेंज अपेक्षेपेक्षा कमी दिसत असेल, तर एफएसडीला दोष देण्याआधी वजन तपासावे. मालाची भर आणि पूर्ण भरलेली इंधनाची टाकी रेंज घटवतात, आणि सर्वांत मोठा अपराधी बहुतेक वेळा ‘बी’ किंवा ‘ए’ दर्जाचे सेन्सर किंवा विसरून राहिलेले एखादे जड कवच असते. कोरिओलिस किंवा ईडीएसवाय या आराखडा बनवण्याच्या साधनांत संपूर्ण यान आधी मांडून पाहिले, तर वजन, वीज, रेंज आणि एकूण किंमत एका नजरेत दिसते आणि खेळात एकही क्रेडिट खर्च होण्याआधी चूक सापडते. एखादे मॉड्यूल आउटफिटिंगमध्ये दिसतच नसेल, तर बहुधा त्या स्थानकाकडे ते नसते.

खरे पैसे

अलीकडच्या काळात नवी याने आधी आर्क्स या खऱ्या पैशांनी घेता येणाऱ्या चलनात येतात आणि काही महिन्यांनी क्रेडिटमध्ये मिळू लागतात. पायथन मार्क २ मे २०२४ मध्ये आर्क्सने घेता येऊ लागले आणि ऑगस्टमध्ये क्रेडिटने. तयार सामानासह विकली जाणारी यानेही खऱ्या पैशांत मिळतात, पण त्यांवरची मॉड्यूल क्रेडिटनेही विकत घेता येतात. कार्डावरून पैसे भरण्याआधी, नेमके तेच यान थोडे थांबून क्रेडिटमध्ये मिळणार आहे का, हे एकदा तपासून पाहावे.