बामणोलीकडे जीप नेताना
साताऱ्याहून यवतेश्वर घाट चढून कासमार्गे बामणोलीला जाणाऱ्यांनी इंधनाची टाकी साताऱ्यातच भरून घ्यावी आणि कासच्या पठारावर गाडी डांबरी रस्त्याखाली मुळीच उतरवू नये, कारण तिथल्या जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि चाकाखाली चिरडलेली फुलझाडे सहजासहजी पुन्हा उभारी धरत नाहीत. पुढे बामणोलीजवळ शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसला तरी खाली चिखल असू शकतो. म्हणून आधी पायी जाऊन टाच रोवून पाहावी. तंबू जागामालकाला विचारूनच, काठापासून उंचावर ठोकावा. पलीकडचा वासोटा किल्ला मात्र कोयना अभयारण्यात येतो. तेथे बामणोलीतून वनविभागाची परवानगी घेऊन बोटीने जावे लागते आणि मुक्कामाला मनाई आहे.