बोटं पेटीची, वाद्य पियानो : सोलापुरात शिकताना पडणारे प्रश्न

घरी पियानो नाही, मग शिकायला सुरुवात करावी का? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचा आणि मोठ्या वयात शिकू पाहणाऱ्यांचा हाच पहिला प्रश्न असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : खुशाल करा, आणि लाकडी पियानोचा विचार निदान पहिली काही वर्षं बाजूला ठेवा.

यामागे पैशापेक्षा आपली हवा आहे. तारांच्या उभ्या पियानोचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं. आत दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्यांचा एकत्रित ताण कित्येक टनांचा असतो. तो ताण बिडाचा सांगाडा पेलतो, पण आवाज मोठा होतो तो साउंडबोर्ड नावाच्या लाकडी फळीमुळे. ही फळी हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत होते, फळी आक्रसते आणि स्वर उतरतात. पावसाळ्यात ती फुगते, स्वर चढतात. त्यातच घरोघरी कूलर. कूलरचा ओला झोत थेट पियानोवर येत असेल तर दिवसा ओलं आणि रात्री कोरडं असा मारा त्या लाकडावर रोज होतो. वर्षातून दोनदा तरी ट्यूनिंग हवं, आणि त्यासाठी बहुधा पुण्या-मुंबईकडेच फोन करावा लागतो. ज्यांच्याकडे असा पियानो वारशाने आला आहे त्यांनी तो जरूर जपावा : कूलरपासून, खिडकीच्या उन्हापासून लांब, आतल्या भिंतीला लावून. नव्याने शिकणाऱ्याला मात्र डिजिटल पियानोच बरा.

डिजिटल पियानो आणि साधा कीबोर्ड यांत गल्लत होते. पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. डिजिटल पियानोत पट्टीला वजन असतं, ती दाबताना आतला हातोडा उचलल्यासारखा बोटाला जोर लागतो. दुकानात याला ‘वेटेड’ किंवा ‘हॅमर अ‍ॅक्शन’ म्हणतात. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड हलका असतो. त्यावर बोटं पळतात, पण जोर कमवत नाहीत. ८८ पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो ४०-५० हजारांच्या आसपास जातो, आणि हा खर्च पहिल्याच महिन्यात करा असं मी कुणालाही सांगत नाही. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा चालेल, पण तो ‘टच सेन्सिटिव्ह’ असलाच पाहिजे : हळू दाबलं तर हळू वाजला पाहिजे, जोरात दाबलं तर जोरात. हे नसेल तर ते पियानोचं शिक्षणच नव्हे. जुना घेत असाल तर एकेक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबून ऐका आणि सस्टेन पेडल (स्वर लांबवणारं पायाचं पेडल) जोडून पाहा. पहिली पाच मिनिटं गाणं वाजवायचा मोह टाळा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कीबोर्ड आणला की तो डायनिंग टेबलवर ठेवला जातो. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच, त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या ८५ च्या घरात जातात. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून सुमारे ७३ सेंटिमीटरवर असतात. एवढ्या फरकाने खांदे वर चढतात, मनगट मोडल्यासारखं वाकतं, आणि महिन्याभरात ‘मॅडम, हात दुखतोय’ सुरू होतं. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवं. त्यासाठी स्टँड घ्या, नाहीतर खुर्चीवर घट्ट घडी घातलेली चादर टाका. चादरींची आपल्या गावात काय वाण आहे!

आता मुख्य अडचण. ‘पेटी येतेय की मला, मग पियानो का येईना?’ हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे, कारण मी स्वतः भजनाच्या पेटीवरूनच इकडे आले. आपल्याकडचे बरेच विद्यार्थी असेच येतात. कुणी गणपतीच्या आरत्यांना साथ केलेली असते, कुणी शास्त्रीय संगीताच्या प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिलेल्या असतात. त्यांचा कान तयार असतो. एखादी चाल ऐकली की ती त्यांना सापडते. हे भांडवल फार मोठं आहे, ते कुणी कमी लेखू नये. अडतो तो हात.

पेटीत डावा हात भात्यावर असतो, चाल सगळी उजव्या हाताची. दाबून ठेवलं तोवर हवेवर स्वर तसाच राहतो, आणि पट्टी किती जोरात दाबली याने आवाज बदलत नाही. पियानोत याच्या अगदी उलट. हातोडा तारेवर आपटला की स्वर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. लहानमोठेपण बोटाच्या वेगातून येतं. म्हणून पेटीवर भरून वाहणारी लांब सुरांची चाल पियानोवर नुसत्या उजव्या हाताने वाजवली की पोकळ वाटते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर पेटीसारखीच इथेही निघत नाही. मग विद्यार्थी हिरमुसतो. त्याला मी सांगते, रिकामी जागा भरायला डावा हात आणि पाय आहेत, ते यायला वेळ लागतो.

बोटांचं गणित आधी पाहू. दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. पांढरी एकचा, म्हणजे सी पट्टीचा, सा धरून सरळ शुद्ध स्वरांचं सप्तक उजव्या हाताने चढायचं झालं, तर सा-रे-ग ला १-२-३ आणि मग अंगठा तळव्याखालून सरकून म वर येतो. पुढे १-२-३-४-५. बहुतेकांचा म ‘धप्’ वाजतो, कारण अंगठा सरकत नाही, पडतो. यावर उपाय असा की रे वाजत असतानाच अंगठा ग च्या खाली निघालेला असावा. मनगट किंचित उजवीकडे वाहू द्या, कोपर बाहेर उडू देऊ नका. कुणाला तरी डोळे मिटून ऐकायला बसवा आणि विचारा, अंगठा कुठे आला? त्याला सांगता आलं नाही तर जमलं.

डाव्या हाताने तेच सप्तक चढताना ५-४-३-२-१ असं प पर्यंत जायचं आणि मग मधलं बोट अंगठ्यावरून ध वर टाकायचं. म्हणजे उजवा हात म वर वळतो, डावा ध वर. दोन्ही हातांनी एकदम चढताना सगळे नेमके इथेच अडखळतात. विद्यार्थ्याला वाटतं आपला मेंदूच कमी पडतोय. तसं काही नाही, वळणंच वेगळ्या जागी आहेत. म्हणून मी आधी विरुद्ध दिशेने वाजवायला लावते : दोन्ही अंगठे एकाच सा वर, उजवा चढतो, डावा उतरतो. आता दोघांची बोटं १-२-३-१-२-३-४-५ अशी जुळून येतात. हात सुटायला लागले की मग एका दिशेने.

पांढरी चारच्या, म्हणजे एफ पट्टीच्या, सा पासून सुरुवात केली की नियम बदलतो. तिथे म काळ्या पट्टीवर येतो आणि सप्तकाच्या बोटांत अंगठा काळ्यावर टाकत नाहीत, म्हणून उजव्या हाताला १-२-३-४-१-२-३-४. अशा वेळी अनेक जण सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ‘ट्रान्सपोज’चं बटण दाबून पुन्हा पांढरी एकच्या बोटांवर येतात. निदान पहिली दोन वर्षं त्या बटणाला हात लावू नका.

डाव्या हाताबद्दल माझं एक निरीक्षण आहे. तबला किंवा ढोलकी वाजवलेल्यांना तो लवकर वश होतो, कारण त्यांच्या डाव्याला वेगळं काम करायची सवय असते. बाकीच्यांनी डावा हात एकटा, पुरेसा कंटाळा येईपर्यंत वाजवावा. पहिला स्वरसमूह सा-ग-प, दुसरा म-ध-सा, तिसरा प-नी-रे. तिन्ही स्वर एकदम, मग एकेक सुटे. त्यावर उजव्याने चाल धरायची ती इतक्या सावकाश की चुकायला जागाच उरू नये. फोनवरचा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. मोजणी तोंडाने करा आणि घरी जी भाषा बोलता त्या भाषेत करा. माझ्या वर्गात मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही चालतात. एक मुलगा ‘वन-टू-थ्री’ म्हणत सारखा घसरायचा. ‘ओकटी, रेंडू, मूडू’ म्हणायला लागला आणि त्याची लय त्याच आठवड्यात बसली.

पेडलविषयी थोडक्यात. नवशिके स्वर दाबतानाच पाय दाबतात, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा स्वर मिसळून चिखल होतो. क्रम असा आहे : नवा स्वरसमूह दाबताना पाय वर, आणि स्वर उमटल्यानंतर पाय खाली. म्हणजे हात खाली जातो तेव्हा पाय वर येतो. हे आधी चालीशिवाय, दोनच स्वरसमूहांवर करा. कान स्वच्छ असलेल्यांना हे पटकन कळतं, आणि पेटीचा कान इथे खरा कामाला येतो.

नोटेशन हा अनेकांच्या भीतीचा विषय. भातखंडे पद्धतीत खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, खाली आडवी रेघ म्हणजे कोमल. तिथे सा कुठल्याही पट्टीचा असतो. पाश्चात्त्य लेखनात कागदावरचं ठिकाण ठरावीक पट्टीचंच असतं, पाच रेघा आणि त्यांमधल्या जागा. आपल्याकडे सगळ्या स्वरांखाली पेन्सिलीने ‘सा रे ग’ लिहून ठेवायची पद्धत पडली आहे. मी ती पहिल्याच आठवड्यात खोडायला लावते, कारण डोळा अक्षरं वाचतो आणि रेघा तशाच परक्या राहतात. त्याऐवजी तीन खुणा पक्क्या करा : वरच्या पंचरेघीत खालून दुसरी रेघ म्हणजे जी, खालच्या पंचरेघीत खालून चौथी रेघ म्हणजे एफ, आणि दोन्हींच्या मधोमध एका छोट्या रेघेवर मधला सी. बाकीचे स्वर या खुणांपासून चढ-उतार मोजून वाचा. पाश्चात्त्य मेजर म्हणजे स्वरांच्या दृष्टीने आपला बिलावल थाट, आणि नॅचरल मायनर म्हणजे आसावरी. हे एकदा कानाने पडताळून पाहिलं की परकेपण बरंच जातं.

परीक्षा द्याव्यात का? मोठ्यांनी स्वतःच्या आनंदासाठी शिकताना अजिबात गरज नाही. शालेय मुलांना मात्र त्यांचा उपयोग होतो, कारण ठरलेली तारीख असली की सराव होतो. आपल्याकडे एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या लंडनच्या दोन संस्थांच्या ग्रेड चालतात, सुरुवातीची पातळी आणि मग १ ते ८. एबीआरएसएमला ग्रेड ६ पासून पुढे जायचं तर साधारणपणे ग्रेड ५ थिअरी आधी द्यावी लागते, ट्रिनिटीला तशी अट नाही. समोरासमोर परीक्षा द्यायची तर पुणे गाठावं लागतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून रात्री परत येता येतं, पण लहान मुलांना आदल्या दिवशी नेऊन मुक्काम करा, चार तासांच्या प्रवासानंतर बोटं जड होतात. आता व्हिडिओ रेकॉर्ड करून पाठवायच्या परीक्षाही आहेत. त्यात रचना न थांबता एकाच चित्रणात वाजवाव्या लागतात. चित्रण पहाटे करा, लग्नसराई आणि सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत तर नक्कीच. कुठलं वाद्य चालतं, हे फॉर्म भरण्याआधी नियमात वाचून घ्या.

सराव किती? रोज वीस-पंचवीस मिनिटं, रविवारच्या दोन तासांपेक्षा भारी. नळाला पाणी यायचा दिवस असला की घरात धांदल असते, त्या दिवशी नुसता डावा हात दहा मिनिटं घ्या, पण मोडू देऊ नका. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली दुपारी तापते, घामाने पट्ट्या निसरड्या होतात. सकाळी सहा-सातला हेडफोन लावून बसा, शेजाऱ्यांनाही त्रास नाही. नखं कापलेली हवीत. मनगट किंवा कोपराखाली दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबा, दुखणं सहन करत वाजवू नका. आठवडाभर टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

शिक्षक गावात मिळाला तर उत्तम. ऑनलाइन शिकत असाल तर फोन चेहऱ्यासमोर नको, बाजूने आणि थोडा वरून लावा, म्हणजे मनगट आणि अंगठा दिसेल. शिक्षकाला पहिल्या दिवशी हे विचारा : बोटं लिहून देणार का? डावा हात कधीपासून? वाचायला शिकवणार का? पहिल्याच तासाला सिनेमाचं अख्खं गाणं बसवून देतो म्हणणाऱ्याकडे मी माझ्या ओळखीच्या मुलाला पाठवणार नाही.

आणि सोलापुरात यावर पोट भरतं का? नुसत्या मैफलींवर नाही. शिकवण्या, शाळेतली संगीत शिक्षकाची जागा, चर्चमधली प्रार्थनागीतं, ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड, रेकॉर्डिंग, असं मिळून घर चालतं. प्रत्येकाची मागणी वेगळी. शाळा प्रमाणपत्र विचारतात. चर्चमध्ये चार आवाजांचं नोटेशन पाहताक्षणी वाजवता यावं लागतं. ऑर्केस्ट्रात गायक हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत उभा राहून ऐन वेळी ‘आज घसा बसलाय, अर्ध्या पट्टीने खाली घेऊ’ म्हणतो आणि पडदा उघडतो. म्हणून एकच सोपी चाल बाराही पट्ट्यांतून, म्हणजे दर वेळी वेगळ्या पट्टीचा सा धरून, वाजवायचा सराव दुसऱ्या वर्षापासून सुरू करा, रोज एक पट्टी.