स्काउट पथकाच्या वर्षभराच्या शिबिरांची तयारी : परवानगीपासून पाण्यापर्यंत

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यातच वर्षभराच्या पदभ्रमणांचे आणि शिबिरांचे वेळापत्रक कागदावर उतरवावे. घटक चाचण्या, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा यांच्या तारखा एकदा जाहीर झाल्या की पथकाच्या वाट्याला मोजकेच शनिवार-रविवार उरतात आणि मग शिबिराची तारीख जागेच्या सोयीने न ठरता शाळेच्या उरलेल्या दिवसांवर ठरते. पथकाची त्या वर्षाची नोंदणी, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, स्काउटच्या जिल्हा कार्यालयाला दिलेली सूचना आणि पालकांचे संमतिपत्र यांविषयी अधिक लिहीत नाही. यांतले एकही नसेल तर मुलांना शाळेच्या फाटकाबाहेर नेऊ नये. संमतिपत्राच्या मागील बाजूस मात्र दमा, फिट येणे, औषधाची किंवा अन्नाची ॲलर्जी आणि रोजची गोळी यांची माहिती पालकांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावी. अनेक पालक आजार लपवतात, कारण तो सांगितला तर मुलाला शिबिराला नेणार नाहीत अशी त्यांना भीती वाटते. म्हणून "काही नाही" असे लिहिलेल्या प्रत्येक घरी एकदा फोन करावा आणि मुलाला वगळण्यासाठी विचारत नसून त्याची औषधे सोबत ठेवण्यासाठी विचारत आहोत, हे आधी सांगावे.

जुलै आणि ऑगस्टमध्ये मुक्कामाचे शिबिर घेऊ नये. हे दोन महिने शाळेच्या सभागृहात आणि मैदानावर खर्च करावेत. क्लोव्ह हिच, बोलाइन, शीट बेंड या गाठी डोळे मिटून बांधता येईपर्यंत घोटून घ्याव्यात, तंबू भर पावसात मैदानावर उभा करून तो कोठे गळतो हे पाहावे आणि संघनायकांकडून, म्हणजे आठ-आठ मुलांच्या गटांच्या प्रमुखांकडून, स्वयंपाकाचा सराव करून घ्यावा, कारण बत्तीस जणांची खिचडी घरच्या कुकरच्या अंदाजाने होत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरू लागला की एका दिवसाचे पदभ्रमण घ्यावे. धबधब्याखाली जाणे, ओढा ओलांडणे आणि कड्याजवळ छायाचित्र काढणे या तिन्ही गोष्टींना तेव्हाही पूर्ण मनाई असावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेले, विजांचा इशारा देणारे दामिनी हे ॲप सोबतच्या प्रत्येक शिक्षकाच्या फोनवर असावे आणि गडगडाट ऐकू येताच पथक डोंगराच्या उघड्या सोंडेवरून आणि एकट्या झाडाखालून खाली आणावे. समुद्रकिनारा या वेळापत्रकात मुद्दाम घेतलेला नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले, आणि ती मुले आपल्या स्काउटांपेक्षा वयाने मोठी होती. किनाऱ्यावर जायचेच असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरायचे नाही, या अटीवरच जावे.

आता पाण्याविषयी. हा परिच्छेद घाईने वाचू नये अशी विनंती आहे. मुक्कामाच्या शिबिराची जागा सप्टेंबरात पाहून ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तीच घातक आहे. त्या वेळी सह्याद्रीतील प्रत्येक टाके, म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद, काठोकाठ भरलेले असते, प्रत्येक ओढा वाहत असतो आणि प्रत्येक माची शिबिरासाठी उत्तम वाटते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही घाटमाथ्यावरच्या अनेक वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, कारण काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही आणि चार महिन्यांचा पाऊस उतारावरून थेट कोकणात किंवा धरणात निघून जातो. डिसेंबरात ओढे आटतात, जानेवारीत लहान टाक्यांच्या तळाशी शेवाळलेले पाणी उरते आणि फेब्रुवारीत ज्या टाक्याच्या भरवशावर आपण आलो ते कोरडे असते. आमच्या पथकाचे हेच झाले. पाहणी पावसाळ्याच्या शेवटी केली, शिबिर फेब्रुवारीत घेतले आणि मधल्या काळात पुन्हा कोणी जाऊन पाहिले नाही. पोचलो तेव्हा टाक्यात चिखल होता, आणि अंधार पडेपर्यंत थोरल्या मुलांना कॅन घेऊन खालच्या वाडीपर्यंत फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणून जागा केव्हाही ठरवावी, परंतु पाण्याची पाहणी शिबिराच्या आधीच्या पंधरा दिवसांत, स्वतः जाऊन, डोळ्यांनी करावी. गेल्या वर्षी पाणी होते, हे उत्तर चालत नाही. इंटरनेटवरच्या छायाचित्रात तळे दिसते, हे तर मुळीच चालत नाही. ते छायाचित्र बहुधा ऑगस्टमधले असते.

फोनवरची खात्री ही खात्री नव्हे. पायथ्याच्या गावात कोणालाही विचारले तर "आहे की पाणी" असे मनापासूनचे उत्तर मिळते, पण ते त्या घराच्या दोन हंड्यांपुरते खरे असते. विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. विहीर कोणती, ती कोणत्या महिन्यात आटते, तिच्यावर किती घरे भरतात, पंप आहे की पोहऱ्याने शेंदावे लागते, आणि पस्तीस माणसांनी दोन दिवस पाणी उपसले तर गावाला कमी पडेल का? शेवटचा प्रश्न सरपंचांना विचारण्याआधी पाणवठ्यावर आलेल्या बायकांना विचारावा, कारण पाणी त्यांना वाहावे लागते आणि खरे उत्तर त्यांच्याकडेच असते. ज्या गावात टँकर येतो तेथे शिबिर घेऊ नये. गाव कितीही आग्रह करो, पाहुण्यांना नाही म्हणणे त्यांना जड जाते, आणि सेवेचे वचन घेतलेल्या मुलांनी त्या गावाच्या वाट्याचे पाणी वापरणे योग्य नाही.

हिशेब सोपा आहे, तरी तो लिहून काढावा. आठ-आठ जणांचे चार संघ म्हणजे ३२ मुले आणि तीन मोठी माणसे मिळून ३५ जण होतात. पिण्यासाठी माणशी तीन लिटर आणि स्वयंपाक, भांडी, हात धुणे यांसाठी दोन लिटर धरले तर दिवसाला १७५ लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरचे नऊ कॅन. यात आंघोळ नाही आणि शौचाचे पाणी नाही. तेही धरून हिशेब करावा. भरलेल्या कॅनचे वजन वीस किलोंहून अधिक असते. लाठीत कॅन अडकवून दोन मुले तो अर्धा किलोमीटर नेऊ शकतात, चढावर दोन किलोमीटर नेऊ शकत नाहीत, म्हणून पाणवठा शिबिराच्या तळापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत नसेल तर जागा बदलावी. पोहरा आणि लांब दोर स्वतःचा न्यावा. पाणी गाळून उकळावे, आणि सरपणाअभावी ते शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या टाकून अर्धा तास थांबावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. हे मुलांना आणि काही शिक्षकांनाही स्पष्ट सांगावे लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी गावातल्या त्याच माणसाला पुन्हा फोन करून पंप चालू आहे ना, वीज आहे ना, हे विचारावे. पाहणी एकदा केली म्हणजे झाले असे समजू नये.

पाण्यानंतर लोक दुसरी चूक करतात ती किल्ल्यांच्या परवानग्यांची. राजगड किंवा हरिश्चंद्रगड यांसारख्या ठिकाणी शाळेचे पत्र पुरेसे नसते. किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाला आणि जंगल राखीव किंवा अभयारण्यात असेल तर वनविभागाला, मुक्काम आणि चूल यांविषयी वेगवेगळे विचारावे. राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, त्यामुळे शेकोटीचा कार्यक्रम ठरवण्यापूर्वी ती कोठे पेटवायची याचे उत्तर हातात असावे. माझे मत विचाराल तर गडावर मुक्काम करूच नये. पायथ्याच्या शाळेच्या पटांगणात, ग्रामपंचायतीच्या परवानगीने तंबू ठोकावेत आणि गड दिवसा पाहावा. पाणी, दवाखाना आणि रस्ता या तिन्ही गोष्टी त्यामुळे जवळ राहतात.

स्वयंपाकासाठी गॅसची टाकी एसटीत किंवा रेल्वेत नेता येत नाही. टाकी व शेगडी पायथ्याच्या गावातच भाड्याने ठरवावी. जेवण साधे ठेवावे : खिचडी, पिठले-भाकरी, पोहे, उसळ. मासिक सभेत संघांनी आपापला शिधा स्वतः लिहून काढावा आणि शक्य असेल तर खरी कमाईच्या, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेल्या, पैशांतून तो भरावा. त्याने मुलांना तांदळाचा भाव कळतो.

साप आणि मधमाश्या यांबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत. फुरसे कोकणात आणि कातळाच्या माळावर दगडाखाली सापडते, त्यामुळे चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीने हलवावा. दंश झाला तर चिरू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये; हात किंवा पाय पट्टीने स्थिर करून, मुलाला चालू न देता, सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. अशी लस सर्वांत जवळ कोठे आहे, याची चौकशी पाण्याच्या पाहणीच्या दिवशीच करावी आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला तळापर्यंत यायला किती वेळ लागेल तेही तेथेच विचारावे. आग्यामोहोळ दिसले की आवाज, धूर आणि अत्तर या तिन्ही गोष्टी बंद, आणि वाट बदलून पुढे जावे.

मुलांच्या पिशवीची यादी त्यांना तोंडपाठ असते : गणवेश, स्कार्फ, शिट्टी, दोरी, ताट-वाटी-पेला, सतरंजी, पांघरूण, विजेरी, जादा मोजे. दोन गोष्टी वाढवाव्यात. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या प्रत्येकाकडे असाव्यात, एक नव्हे, आणि त्या घरून भरून आणलेल्या असाव्यात. तळावर पोचल्यावर पहिल्या दोन तासांत पाण्याची सोय झाली नाही तरी मुले त्यावर निभावतात. दुसरी म्हणजे टोपी. प्रथमोपचाराच्या पेटीत ओआरएसची पाकिटे भरपूर असावीत. डिसेंबर-जानेवारीत घाटमाथ्यावर रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा घोंगडे घ्यावे.

पुढचे महिने लवकर सांगतो. मुक्कामाचे मोठे शिबिर नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत घ्यावे, तेव्हा पाणीही असते आणि गवतही अजून पेट घेण्याइतके वाळलेले नसते. ७ नोव्हेंबर, भारत स्काउट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन, बहुधा दिवाळीच्या आसपास येतो. त्या दिवशी शिबिर ठेवू नये, मुले येत नाहीत. जानेवारी स्काउट मेळाव्याचा. २२ फेब्रुवारीच्या चिंतन दिनाला शाळेच्या आवारातच कार्यक्रम करावा. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मे मध्ये मुक्काम नको, पाणी नसते, हे आता पुन्हा सांगायला नको. सोपानाच्या, म्हणजे स्काउट प्रशिक्षणाच्या पायऱ्यांच्या, नोंदी शिबिराच्या शेवटच्या दुपारी तेथेच भराव्यात. तंबू उन्हात दोन दिवस वाळवल्याशिवाय गुंडाळू नयेत. हिशेब आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांकडे द्यावा, आणि प्रत्येक जागेच्या पाण्याची स्थिती तारखेसह पथकाच्या वहीत लिहावी : कोणती विहीर, किती हात पाणी, कोणाला विचारले. तंबूच्या खुंट्या मोजून पेटीत ठेवाव्यात आणि कमी पडलेल्या जूनच्या आत विकत घ्याव्यात.