स्पर्धेआधी घरच्या घरी टॅन: डाग न पडता एकसारखा रंग

शरीरसौष्ठव स्पर्धेत स्टेजच्या प्रखर लाइटमध्ये सावळं अंगही फिकं दिसतं आणि वर्षभर घाम गाळून आणलेले कट्स, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, परीक्षकांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून टॅन, म्हणजे अंगाला लावून त्वचा तपकिरी करणारा रंग, हवा, आणि तो सगळीकडे सारखा बसायला हवा.

टॅनमधला डीएचए हा घटक त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी मिळून तपकिरी होतो. भट्टीत पावाला तांबूस रंग येतो, तसलीच ही क्रिया. मृत थर जाड किंवा कोरडा असेल तिथे रंग जास्त धरतो. कोपर, गुडघे, घोटे आणि बोटांची पेरं काळपट पडतात ती याचमुळे.

स्पर्धा रविवारी संध्याकाळी असेल, तर आठवडाभर आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडासा लावून 24 तास बघा. खाज आली तर ती बाटली बाजूला ठेवा. अंगावरचे केस गुरुवारी रात्रीच काढा. शुक्रवारी संध्याकाळी खरखरीत पंच्याने अंग घासून आंघोळ करा. त्यानंतर तेल, डिओ, पावडर काहीही नको. तेलाच्या थरावर टॅन धरत नाही आणि डिओ राहिला तर बगल हिरवट दिसू शकते. कोपर-गुडघे-घोट्यांवर मात्र मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात फिरवा.

मुंबईत खरा वैरी घाम. शुक्रवारी रात्री टॅनचा पहिला हात देण्याआधी अर्धा तास पंखा किंवा एसी लावून अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. रबरी हातमोजे घाला, वर स्पंजचा मिट (बिनबोटांचा मोजा) चढवा. सुरुवात पायापासून करून वर या. वरून सुरुवात केली तर वाकताना पोटावर घडीच्या रेषा उमटतात. एका पोटरीला मूसचे (फेसाळ टॅनचे) दोन पंप पुरतात. आधी गोल फिरवून पसरा, मग लांब हात मारून सारखं करा. पाठ जोडीदाराकडूनच लावून घ्या, लॅट्सच्या (पाठीच्या रुंद स्नायूंच्या) कडा एकट्याने कधीच नीट होत नाहीत. हातापायांचे पंजे सगळ्यात शेवटी, मिटवर उरलेल्या रंगानेच.

दहा-पंधरा मिनिटं हात फाकवून उभे राहा, मग सैल, गडद कपडे घाला. बाटलीवर वेगळं लिहिलं नसेल तर आठ तास पाणी लावू नका. तांब्यातलं पाणी अंगावरून ओघळलं की तेवढ्या जागी फिकट पट्टा राहतो. शनिवारी सकाळी साबणाशिवाय कोमट पाण्याने अंग धुवा. वाहून जातो तो लावताना दिसावा म्हणून घातलेला वरचा रंग. त्याने घाबरू नका. दुसरा हात शनिवारी रात्री. गरज नसताना तिसरा दिलात तर अंग नारिंगी दिसायला लागतं.

आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांत पुसून निघणारा टॅन चालत नाही. आपल्या संघटनेचा नियम आधी विचारून घ्या आणि स्टेजवर जाण्यापूर्वी पांढरा नॅपकिन दंडावर घासून बघा.

कोपर काळा पडलाच तर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा आणि ओल्या पंच्याने हळूहळू घासा. फिकट राहिलेल्या जागी स्पंजच्या कोपऱ्याने थेंबभर टेकवा, पुसत नेऊ नका.